तेरावा

मानवतला नागोरावांच्या रद्दीच्या दुकानात
दहा पैसे रोजानं मिळायचा ‘तुकडी बारा’.
महिन्याला एक. रंग दोनच,
काळा आणि हिरवट काळा.
टाचणीला गंज, आणि शेवटच्या पानावर
कुणाच्या तरी कालवणाचा डाग.

लढाई नेमकी कुणाशी, ते कधी नीट कळलं नाही.
शत्रूला चेहरे नव्हते, नुसती शिरस्त्राणं.
डोंगर होते. बर्फ होता.
बर्फ आमच्यापैकी कुणी बघितलेला नव्हता,
तो काढणाऱ्यानंही नसणार,
कारण जिनिंगच्या आवारात रुईचे ढीग पडतात
तसाच तो काढायचा, मऊ, जरा मळका.
जवान त्यात गुडघ्यापर्यंत रुतत
आणि मला धाकधूक, की आता नाकात तंतू जाणार,
एखादा शिंकणार,
सगळे सापडणार.

पहिल्या अंकात सुभेदार म्हणतो, “आपण बारा.”
खालच्या चित्रात मी मोजले. तेरा.
पुन्हा मोजले, एकेकावर बोट ठेवून.
तेरा.
कडेला, दगडाला टेकून, तोंड अर्धं सावलीत,
हातात जर्मनचा मग.
मी पोस्टकार्ड टाकलं. वय अकरा, अक्षर तिरपं:
चित्रकार काका, हा कोण?

उत्तर कार्डानं आलं नाही. तिसऱ्या अंकात आलं.
हजेरीला सुभेदार बारा नावं घेतो
आणि ‘हजर’ तेरा वेळा येतं.
तेराव्याची पावलं बर्फात उमटत नाहीत.
मगातला चहा संपतो, पिताना कुणी बघत नाही.
तो पुढं चालतो तिथं सुरुंग नसतात.
आमच्या गल्लीत आठ दिवस दुसरा विषय नव्हता.
आई म्हणाली, तेरावा तेरावा काय लावलंस,
तेराव्याला गोडधोड करून माणूस वाटेला लावतात.
हा मेला जात का नाही?

गेला नाही. तेवीस वर्षं तुकडी राखत राहिला.
बारांतला एकही पडला नाही, एकही पिकला नाही,
नाईक भुजंगला हवालदारी मिळाली नाही शेवटपर्यंत.
मी दहावीला आपटलो, मग निघालो, वीज मंडळात लागलो,
आणि एका दुपारी, एकशे ऐंशीव्या अंकात,
भुजंगपेक्षा वयानं मोठा झालो.
सत्त्याऐंशीवा तेवढा मिळाला नाही कधी.
त्यात म्हणे तो स्वतःचं नाव सांगतो.

सेलूला मीटरच्या कामानं गेलो होतो.
रघोत्तम उकलगावकर शिडीवर होते,
खताच्या दुकानाच्या पाटीवर ज्वारीचं कणीस भरत.
मी गाव सांगितलं. कार्डाचं सांगितलं.
ब्रश डब्यात टाकून ते खाली उतरले,
एकेक पायरी चाचपत.

“मोजायला चुकलो होतो रे,” म्हणाले.
“रात्री कंदिलात काढायलो होतो,
कोपरा मोकळा दिसायला, एक बसवला.
चांगला जिता गडी होता.
तिसऱ्या अंकात आईला पत्र लिहिणार होता,
मजकूर बी तयार होता माझ्याकडं.
तेवढ्यात तुझं कार्ड आलं.
आता लेकरांपुढं चूक कशी कबूल करावी?
मारला त्याला.”

मग बराच वेळ ते माझ्याकडं नाही,
कणसाकडं बघत राहिले. दाणे अर्धेच भरले होते.
पत्रात काय होतं, मी विचारलं नाही.
एकदा विचारून झालं होतं.

रात्री घरी ट्रंकेतून पहिला अंक काढला,
नागोरावांना परत न केलेला.
दहा पैसे रोज. हिशेब करवत नाही.
तो आहे तिथंच, दगडाला टेकून,
मगातून वाफ निघतेय, तोंडातूनही.
अजून दोन महिने आहेत त्याच्याजवळ.
सुभेदार म्हणतो, आपण बारा.

असतील.
मी या खेपेला मोजत नाही.